महाग-बिहाग काही नसतं हो, घेऊन टाका

इन्फ्राच्या, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या कंपनीचा शेअर वर्षभरात तिप्पट झालाय आणि तुमच्याकडे अजून एकही नाही, म्हणजे घ्यायची हीच वेळ. पण तुम्ही पडलात नाशिककर, मेथीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून बघितल्याशिवाय पिशवीत न टाकणारे, त्यामुळे डोक्यात येणारच की बाबा हा महाग तर झाला नाही ना. काळजी करू नका. पुढे सांगतो तशी तपासणी करा, दहा मिनिटांत शंका जाते, पैसे जायला थोडा जास्त वेळ लागतो.

सगळ्यात आधी ॲन्युअल रिपोर्ट उघडायचा नाही. त्यापेक्षा गाडी काढा, कुंभाच्या नावाखाली सध्या शहरात कुठेही जा, काहीतरी खोदलेलं सापडेलच. तिथे उभं राहून पोकलेन किती, हायवा डंपर किती, मिक्सर किती ते मोजा. हायव्यावर कंपनीचं नाव दिसलं की शेअर स्वस्त. तो हायवा कंपनीचा की सबकॉन्ट्रॅक्टरनं भाड्यानं आणलेला, आणि त्या सबकॉन्ट्रॅक्टरचं मागचं बिल निघालंय का, हे ड्रायव्हरला अजिबात विचारायचं नाही, तो खरं सांगून टाकेल.

दुसरं, भागाकार टाळायचा. तरी तुमचा एखादा सीए भाचा असतोच, तो रविवारी मिसळीच्या टेबलावर मोबाईल काढून सुरू करणार, "मामा, समजा मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या शेअरची मिळून किंमत, ९,००० कोटी आणि वर्षाचा निव्वळ नफा १५० कोटी, म्हणजे पीई, किमतीला नफ्यानं भागून येणारा आकडा, झाला ६०." म्हणजे नफा एवढाच राहिला तर आज दिलेले पैसे नफ्यातून भरून निघायला ६० वर्षं. नाशिकच्या हिशोबात सांगायचं तर पाच सिंहस्थ. २०२७ चा कुंभ बघून शेअर घेतला तर २०८७ च्या कुंभाला मुद्दल सुटेल. यावर तुम्ही म्हणायचं, अरे पण नफा वाढेल ना! भाचा वाटच बघत असतो. तो म्हणेल, ठीक आहे, एकही वर्ष न चुकता दरवर्षी २५ टक्के वाढला असं धरू, मग १२ वर्षांत सुटतं, एकाच कुंभात काम झालं. तुम्ही खूश. फक्त तेव्हा मार्जिन, म्हणजे शंभर रुपयांच्या कामामागचा नफा, आजचंच असेल तर आज वर्षाला ३,००० कोटीचं काम करणारी ही कंपनी ४३,००० कोटीच्या पुढचं काम करत असेल, आणि तेवढे रस्ते टाकायला जमीन कुठून आणायची हा प्रश्न भाच्यानं विचारायच्या आत त्याला आणखी एक पाव मागवून द्या. तोंड भरलेलं माणूस भागाकार करत नाही.

मग ऑर्डर बुक, म्हणजे हातात आलेली पण अजून करायची कामं. हे आपलं ब्रह्मास्त्र. "१२,००० कोटीचं ऑर्डर बुक आहे, मार्केट कॅप फक्त ९,०००, फुकटात मिळतोय शेअर!" हे वाक्य ठणकावून म्हणायचं, कारण हळू म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतं की ऑर्डर म्हणजे नफा नाही. रस्त्याच्या कामात हातात उरतात शंभरातले पाचेक रुपये, तेही सगळं सुरळीत झालं तर, म्हणजे अख्खं ऑर्डर बुक संपवल्यावर ६०० कोटी, ते पण चारेक वर्षांत. पण शेअर एवढं थांबत नाही. टेंडरमध्ये सर्वात कमी दर भरला, म्हणजे एल-वन आलो, की शेअर वर. लेटर ऑफ अवॉर्ड, म्हणजे काम दिल्याचं पत्र, आलं की परत वर, अपॉइंटेड डेट, म्हणजे काम सुरू करायची तारीख, मिळाली की अजून वर. एकाच रस्त्याचे पेढे तीनदा, आणि जागेवर अजून ज्वारी उभी असते, कारण भूसंपादन झालेलं नसतं! आणि सर्वात कमी दर भरून काम मिळवलं यात पेढे वाटण्यासारखं काय आहे हे मला अजून समजलेलं नाही, घरी रंगकाम काढलं आणि एका पेंटरनं सगळ्यांपेक्षा निम्मा रेट दिला तर आपण त्याला पेढा देत नाही, त्याच्याकडे संशयानं बघतो.

गंमत म्हणजे घोषणा आणि काम यातला फरक आपल्याइतका देशात कुणाला कळत असेल असं वाटत नाही. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये नाशिक मेट्रोला २,०९२ कोटी जाहीर झाले, टायरवर धावणारी निओ मेट्रो येणार, व्हॉट्सॲपवर डब्यांचे फोटो फिरले. आज द्वारकेला सिग्नलवर उभं राहून कुणालाही विचारा मेट्रो कुठंय, तो तुमच्याकडे बघून नुसता हसेल. आणि हाच माणूस सिग्नल सुटेपर्यंत मोबाईलवर "कंपनीला ८०० कोटीची ऑर्डर" वाचून शंभर शेअर घेऊन मोकळा होतो.

त्या ८०० कोटीचं काय होतं तेही नको वाचायला. काम हॅम, म्हणजे हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीचं असेल तर ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात मिळते आणि उरलेले ६० टक्के रस्ता झाल्यावर १५ वर्षं हप्त्या-हप्त्यानं. तोवर पैसे घालायचे कंपनीनं, म्हणजे बँकेनं. हे कर्ज बऱ्याचदा प्रत्येक रस्त्यासाठी काढलेल्या वेगळ्या छोट्या कंपनीत बसलेलं असतं, म्हणून ताळेबंद बघायचाच झाला तर स्टँडअलोन, म्हणजे एकट्या मूळ कंपनीचा बघा, मन प्रसन्न राहतं. कन्सॉलिडेटेडकडे, म्हणजे त्या छोट्या कंपन्या धरून केलेल्याकडे, चुकूनही जाऊ नका. कॅश फ्लोचं पान तर फाडूनच टाका, तिथे नफा १५० कोटी आणि हातात आलेली रोकड वजा असले अभद्र आकडे असतात, येणी वाढलेली असतात, "अनबिल्ड" नावाखाली ज्याचं बिलच अजून दिलेलं नाही तेही उत्पन्नात धरलेलं असतं. सरकार काय पैसे बुडवतं का? नाही बुडवत. फक्त थकीत बिलांसाठी महाराष्ट्रातले ठेकेदार २०२५ मध्ये आंदोलनाला बसले होते, ते बहुतेक हवापालट म्हणून.

प्रमोटरनं, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकानं, शेअर गहाण ठेवलेत? विश्वास असल्याशिवाय बँक गहाण घेते का! शेअरचा स्प्लिट झाला, म्हणजे एकाचे दहा तुकडे केले, हजाराचा शंभरला मिळतोय? स्वस्त झाला, दहापट घ्या. पुढे चला.

कुणीतरी जुनी भुतं काढेल. लँको इन्फ्राटेक, २००८ च्या तेजीत डोक्यावर घेऊन नाचले लोक, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या बारा बड्या थकबाकीदारांच्या यादीत आणि २०१८ मध्ये लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून गाशा गुंडाळणं. आयएल अँड एफएस, इन्फ्राच्या कामांना पैसे पुरवणारी, २०१८ मध्ये बुडायच्या काही महिने आधीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं रेटिंग. म्हणायचं, त्या कंपन्या खराब होत्या. मग तो आरव्हीएनएल, म्हणजे रेल विकास निगम, काढेल, सरकारी, नफ्यातली, कामं चालू, २०१९ मध्ये १९ रुपयांना आयपीओ आला, जुलै २०२४ मध्ये ६४७ ला पोचला आणि २०२५ च्या मार्चपर्यंत निम्म्याच्या आसपास. रेल्वे तीच, रूळ तेच, कंपनी बुडाली नाही की पळाली नाही, ६४७ ला घेणाऱ्यानं भाव तेवढा चुकीचा दिला. या उदाहरणाला उत्तर नाही, विषय बदला, गंगापूर धरण किती टक्के भरलं ते विचारा.

एवढं करून घेतलात आणि शेअर पडला तर त्याला पडला म्हणायचं नाही, करेक्शन म्हणायचं. आणखी पडला की खालच्या भावात अजून घेऊन ॲव्हरेज करायचं. त्याहून पडला की आपण मुळात लाँग टर्मवाले. फक्त डीमॅटला नॉमिनी टाकून घ्या, आता दहा नावं चालतात, मुलं, सुना, नातवंडं सगळी बसतात, आणि २०८७ च्या कुंभाला यातलं कोण गावात असेल त्याचं नाव सगळ्यात वर घाला.