मराठीत ड्रॉप कॅप चालत नाही म्हणे!

चवथ जवळ आली की मंडळांच्या स्मरणिकांची घाई सुरू होते आणि तो एक मेसेज परत ग्रुपाग्रुपांत फिरायला लागतो. लेखाचं पहिलं अक्षर मोठं, सजवलेलं करायचं, म्हणजे ड्रॉप कॅप द्यायचा, हे कॉम्प्युटर आल्यानंतरचं फॅड आहे, देवनागरीत कॅपिटल नाहीत म्हणून मराठीत ते जमतच नाही, तरी हौस असेल तर अक्षर सिलेक्ट करून साईझ ७२ करा, आणि हो, वर्ड विकत घेतल्याशिवाय हे होणार नाही. असं सगळं ठासून लिहिलंय आणि लोक डोळे झाकून पुढे ढकलतात.

फॅडचं आधी उरकू. युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापलं तेव्हा ही अक्षरं नंतर हाताने रंगवायला जागा कोरी सोडली होती, आणि १४५७ साली जर्मनीतल्या माइन्झच्या स्तोत्रग्रंथात फुस्ट आणि शोफर यांनी ती थेट लाल-निळ्या शाईत छापली. आपल्या जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला १५५६ला, म्हणजे ही त्याच्याही शंभर वर्षं आधीची गोष्ट.

आता देवनागरीचं. आपल्या पोथ्यांत असं मोठं अक्षर सहसा नसायचं, आरंभ दाखवायला लाल शाई असायची, एवढं मान्य. पण म्हणून जमत नाही कसं? कॅपिटल असण्या-नसण्याचा इथे संबंधच नाही, अडचण दुसरीच आहे आणि ती मेसेजवाल्याला माहीतच नाही. समजा लेख सुरू होतोय "म्हार्दोळच्या जायांच्या पूजेला" असा. नुसता म उचललात तर फ्रेममध्ये, म्हणजे त्या मोठ्या अक्षराच्या चौकटीत, पाय मोडका म् लटकतो आणि खाली "हार्दोळच्या" उरतं, बघवत नाही! म्हणून आधी अख्खं "म्हा" सिलेक्ट करायचं, मग वर्डच्या इन्सर्टमध्ये जाऊन ड्रॉप कॅप. दुसरं म्हणजे मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला भिडली पाहिजे, इंग्रजीसारखं नुसतं तळाकडे बघून चालत नाही. वर्ड त्या फ्रेमला ओळीची उंची एक्झॅक्ट ठरवून देतो, त्यामुळे वेलांटी, मात्रा, रफार वरून कापले जाऊ शकतात. तसं झालं तर पॅराग्राफमध्ये लाईन स्पेसिंग थोडं वाढवा किंवा फाँटच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये पोझिशन खाली-वर करा. दोन मिनिटांचं काम आहे हो.

साईझ ७२वाला सल्ला तर कहर आहे. अक्षर खाली उतरतच नाही, पहिल्याच ओळीवर उभं राहून वर वाढतं आणि ती एक ओळ ताडमाड होते, बाकीचा परिच्छेद खाली गरीबासारखा. ड्रॉप कॅप म्हणजे अक्षर दोन-तीन ओळी खाली उतरणार आणि मजकूर त्याला वळसा घालणार, वर्ड आपणहून तीन ओळी धरतो, तुम्ही बदलू शकता.

वर्डशिवाय होत नाही हे तर धादांत खोटं. लिबरऑफिस फुकट आहे, त्यात फॉरमॅट, पॅराग्राफ, ड्रॉप कॅप्स असं गेलं की सगळं मिळतं, आणि माझ्या मते ते वर्डपेक्षा सरसच आहे. वर्ड त्या अक्षराचा वेगळा परिच्छेद करून फ्रेममध्ये टाकतो, मग फाइंडमध्ये "म्हार्दोळच्या" शोधलं तर पहिलंच सापडत नाही, मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला तर "म्हा" एका ओळीत आणि "र्दोळच्या" दुसऱ्या ओळीत, स्क्रीन रीडर लावून ऐकणाऱ्यालाही शब्द तुकड्यातच मिळतो. लिबरऑफिसमध्ये ती फक्त परिच्छेदाची सेटिंग असते, शब्द अखंड राहतो, आणि स्टाईलमध्ये, म्हणजे जतन केलेल्या मांडणीत, एकदा घातली की स्मरणिकेतल्या सगळ्या लेखांच्या आरंभाला तीच स्टाईल लावायची. तिथे अक्षरांचा आकडा मात्र "म्हा" पूर्ण आत येईपर्यंत वाढवून बघा. गूगल डॉक्समध्ये यासाठी बटण नाही, तिथे लोक ड्रॉइंगमध्ये अक्षर चितारून चिकटवतात, ते चित्रच, शोधायला गेलात तर शब्द मिळणार नाही.

आणि त्याच मेसेजखाली कोणीतरी जोडलंय की प्रत्येक परिच्छेदाला द्या, मासिकासारखं दिसतं. नका देऊ. लेखाच्या सुरुवातीला एकदा, फार तर मोठ्या लेखात नवा भाग सुरू होताना, आणि अध्यक्षांच्या मनोगताचे चारच ओळींचे परिच्छेद असतील तर तिथे अजिबात नको, कारण तीन ओळी त्या अक्षरातच जातात.