बाहुलीच होती ती

आज दुपारी खेळण्यांच्या दुकानात गेलो होतो, भाचीचा वाढदिवस आहे. शेजारी चार-पाच वर्षांचा एक पोरगा बाहुली पोटाशी घट्ट धरून उभा. बापाने ती सगळ्यांदेखत हिसकावली. "मुलगी आहेस का तू?" आणि हातात कोंबलं काय, तर बंदूकवाला प्लॅस्टिकचा सैनिक! पोरगा रडलासुद्धा नाही. नुसता दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे बघत राहिला. मीही तोंडातून शब्द काढला नाही. त्याचाच राग आलाय, म्हणून आता इथे बडबडतोय.

अहो, तो सैनिकसुद्धा बाहुलीच आहे!

माझ्याकडे होता ना. जी. आय. जो या अमेरिकन सैनिक-खेळण्यांच्या मालिकेतला स्नेक आइज. नखशिखांत काळा, तोंड झाकलेलं, एक अक्षर न बोलणारा. मी तेव्हा चौथीत. आजीने त्याच्यासाठी जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची वीतभर गोधडी शिवली होती. रात्री तो माझ्या उशीपाशी ती पांघरून झोपायचा. काकांनी एकदा पाहिलं आणि जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आमचे चिरंजीव बाहुल्या निजवतात." सगळे खो खो हसले. मी ताटावरून उठून ओरडलो, "बाहुली नाहीये ती!"

काका बरोबर होते. राग येतो, पण बरोबर होते.

१९५९ मध्ये अमेरिकेत बार्बी आली. बाहुली एकदाच घ्यायची आणि मग तिचे कपडे घेत बसायचं, असा तो धंदा. स्टॅन वेस्टन नावाच्या माणसाला वाटलं, हेच मुलग्यांसाठी का नको? हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीतल्या डॉन लव्हीनने ती कल्पना उचलली आणि १९६४ मध्ये जवळपास फूटभर उंचीचा पहिला जी. आय. जो दुकानात आला. अंगातून काढता येणारा गणवेश, पायांतून काढता येणारे बूट, वेगळे विकत घ्यायचे पोशाख. बार्बीच की! फक्त गालावर जखमेचा व्रण. पण बाप लोक मुलग्याला बाहुली कशी घेऊन देणार? म्हणून तिचं बारसं केलं, 'ॲक्शन फिगर'. त्या एका शब्दावर आजवर किती बापांची इभ्रत तरली असेल!

पुढे व्हिएतनाम युद्धाने अमेरिकेतच सैनिक नकोसा झाला, तेलाच्या टंचाईत प्लॅस्टिक महागलं आणि मोठा जो बंद पडला. १९८२ मध्ये तो परतला तो पावणेचार इंचांचा होऊन. माझा स्नेक आइज त्याच पहिल्या तुकडीतला. आणि तो काळा का, माहितीये? रंगकामाचा खर्च वाचवायला! माझा गूढ, मितभाषी योद्धा म्हणजे कारखान्याची काटकसर. त्याला स्वभाव दिला लॅरी हामाने. हा माणूस स्वतः अमेरिकन सैन्यात राहून आलेला. बहुतेक पाकिटांमागची त्या त्या पात्राची कुंडली त्यानेच लिहिलेली. (आपल्याकडे हे सगळं फनस्कूलने आणलं. कंपनी १९८७ ची, कारखाना गोव्यात. त्यांचे भलत्याच रंगांतले जो आज परदेशातले संग्राहक शोधत असतात. इकडे आम्ही ते चिखलात पुरून ठेवायचो.)

आणि आता ऐका. आयात केलेल्या बाहुल्यांवरच्या जकातीवरून हॅस्ब्रो अमेरिकन सरकारविरुद्ध कोर्टात गेली. आमचा जो बाहुली नाही म्हणे! १९८९ मध्ये अपिलातही निकाल लागला, बाहुलीच आहे. म्हणजे काकांच्या बाजूने.

हो, भांडण शेवटी पैशांचं होतं, मान्य. आणि बंदूक घेतलेल्या खेळण्याची मी एवढी तळी उचलू नये, हेही मान्य. पण त्या बंदुकीशी मी कधी खेळलोच नाही हो. ती पहिल्याच आठवड्यात हरवली. गोधडी मात्र जपून ठेवली होती.

एकदा मी त्याला पीळ घालत बसलो आणि कमरेतली रबराची कडी तुटली. पाय एकीकडे, धड दुसरीकडे. मी असा रडलो की बाबा जेवण टाकून उठले. पाठीचा स्क्रू खोलला आणि ताईच्या वेणीचा काळा रबर दुहेरी करून आत बसवला. काका शेजारी टॉर्च धरून उभे. तेच काका! हसले नाहीत. "नीट लाव रे, पाय उलटा बसेल त्याचा," एवढंच म्हणाले.

दुकानातल्या त्या बापालाही लहानपणी कोणीतरी असंच जेवताना हसलं असेल, आता लिहिता लिहिता वाटतंय. तरीही हिसकावायला नको होती.

मघाशी ताईला फोन केला. गोधडी आईच्या कपाटात आहे का, बघायला सांगितलं. ती म्हणाली, "बघते. पण आधी माझा रबर परत कर."