डबा थंड, खोली गरम

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की शहाणा माणूस दुपारी दार लावून पडून राहतो. माझ्या कॉम्प्युटरला ती सोय नाही. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि लग्नसराई नेमकी याच दिवसांत असते. बाहेर ऊन, पडद्यावर वरात आणि टेबलाखाली पंख्यांचा घोंगाट. रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांची शेवटची फिल्म बनवणं, लावला की आवाज असा चढतो की भिंतीपलीकडच्या काकूंनी एकदा विचारलंच, "तुमच्याकडे एवढं काय दळून राहिले हो रोज?"

आता कुणी म्हणेल, नागपूरच्या घरात एवढा मोठा कूलर गरगरत असताना टेबलाखालचा पंखा ऐकू येतोच कसा? येतो. कूलर सकाळी लावला की रात्रीपर्यंत एकाच सुरात असतो, दहा मिनिटांत कान त्याला विसरतात. कॉम्प्युटरच्या पंख्याचं तसं नाही. प्रोसेसर घटकाभर तापला की हा उसळणार, निवला की बसणार, पुन्हा उसळणार. नवशिक्यानं स्कूटरची मूठ पिळावी तसं दिवसभर चालतं. त्रास आवाजाचा नसतोच, चढउताराचा असतो.

सीताबर्डीच्या दुकानदारानं कॉम्प्युटरचा डबा, म्हणजे कॅबिनेट, पाहिला आणि निदान केलं, "भाऊ, मशीन नाही तापून राहिली, तुमची खोली तापून राहिली." यात तथ्य होतं. हवेनं थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नसतं. खोलीच 38 अंशांवर असेल तर त्याचं मोजमाप तिथूनच सुरू होतं. इंटेलचे बरेच प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की आपणहून वेग कमी करतात. आमच्या गल्लीत ही समज 40 लाच येते.

"मग उपाय?"

"पंखे लावा न भाऊ. समोर तीन, वर दोन. लाइट पन पडते."

लाइटची गरज नव्हती. डब्याच्या समोर आधीच काच आहे आणि काचेआड सात रंगांचे दिवे आहेत. ही निवड भाच्याची. काचेतून दिवे छान दिसतात, फक्त हवा आत येत नाही. ती बिचारी कडेच्या बोटभर फटीतून अंग चोरून शिरते. अशा डब्याला आणखी पंखे लावून काय होणार? फटीसाठी भांडणारे वाढतील, एवढंच. मी समोरची काच काढून जाळी बसवून घेतली. भाचा अजून बोलत नाही.

पंख्यांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार न्यायाची आहे. 80 मिलिमीटरच्या पंख्यापेक्षा 120 मिलिमीटरच्या पंख्याचा घेर क्षेत्रफळात सव्वादोन पट भरतो, त्यामुळे तेवढीच हवा तो आरामात फिरून ढकलतो. आणि कुठल्याही पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी उतरवला तर आवाज साधारण 5 डेसिबलनं खाली येतो. म्हणजे मोठा पंखा घ्यावा आणि त्याला हळू फिरू द्यावं. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर, बस्स. नॉक्टुआ ही ऑस्ट्रियन कंपनी याच विचारानं पंखे करते, पण त्यांचा ठरलेला तपकिरी-पिवळट रंग पाहून मुलीनं "ईऽऽ बाबा" म्हटलं आणि आम्ही काळे घेतले.

सगळं बसवलं, तापमान उतरलं, आणि आठवड्यानं परत चढलं. जाळी साफ होती, पंखे फिरत होते, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन होती. शेवटी खाली वाकून पाहिलं तर डब्यावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल. आमच्या घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर यांपैकी कुणीही उघड्या डोक्यानं वावरत नाही.

"आई, वरून गरम हवा बाहेर पडते गं."

"हो ना. आणि तिथूनच धूळ आत जाते. एवढी भोकं कोण ठेवतं वर?"

"पण रुमाल ठेवला तर हवा कुठून जाणार?"

"अरे, क्रोशाच्या विणीला भोकं असतात."

या युक्तिवादाला थर्मोडायनॅमिक्समध्ये उत्तर असेल, मला सुचलं नाही. तडजोड अशी झाली की रुमाल प्रिंटरवर गेला.

राहिला चढउतार. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, पंख्याचा आलेख असतो: किती अंशांना किती वेग. तो मी सपाट करून ठेवला. सत्तर अंशांपर्यंत पंख्यानं हलकेच फिरायचं, आणि तापमान क्षणभर उसळलं तर लगेच धावायचं नाही, काही सेकंद थांबून पाहायचं. हे सेटिंग माणसांसाठीही मिळालं असतं तर आमच्या सोसायटीच्या सभा लवकर संपल्या असत्या. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 च्या जागी 99 केली. त्या एका टक्क्यानं टर्बो बंद होतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त वीज पिऊन वेगात पळणं थांबतं. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, पण पंखे शांत. एकही पैसा न लागता हे झाल्यामुळे मी घरभर सांगत सुटलो. मुलगी दहावीला आहे. ती म्हणाली, "बाबा, मी तर 65 वर चालते. बघा किती कूल आहे."

बायकोचा प्रश्न जास्त अवघड होता. ती खोलीत आली, हात फिरवून डबा पाहिला आणि म्हणाली, "हा गार आहे. मग खोली का तापलीय?"

"उष्णता बाहेर काढली ना त्यातून."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"खोलीत."

ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. डबा 300 वॅट वीज ओढत असेल तर 300 वॅटची उष्णता खोलीत येणारच. पंखे कितीही लावा, महाग लावा, ती फक्त इथून उचलून तिथे ठेवता येते. "म्हणजे एवढा खर्च करून तुम्ही ती डब्यातून काढून आमच्या अंगावर सोडली," ती म्हणाली. रात्री तिनं आणखी एक भर घातली: डब्याचा घोंगाट गेल्यापासून तिला माझं घोरणं ऐकू येतं. त्यासाठी बायोसमध्ये काही आहे का, असंही विचारून झालं.

जुलै लागला, झड सुरू झाली, कपडे वाळेनात. एका सकाळी पाहिलं तर डब्याच्या मागच्या पंख्यासमोर स्टुलावर मुलीचे शाळेचे मोजे ओळीनं मांडलेले. आईनं जागा बरोबर हेरली होती. मी 99 वर ठेवलेलं होतं, त्यामुळे मागून येणारी हवा जेमतेम कोमट. तिनं हात लावून पाहिला आणि नाराज झाली.

"अरे, ते तुझं लग्नाचं काय असतं ते लाव ना जरा जोरात. आठला स्कूल बस येते."

मी 100 केलं. मराठमोळ्या वरातीच्या चाळीस मिनिटांत एक जोडी वाळली, दुसरीला विदाई लागली.