तीन दिवसांत हाड जुळत नाही, आणि करकचून बांधलेली पट्टी हात घालवते

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा सारांश असा: हाड मोडलं तर प्लास्टर नको. कांडवेलीचा लेप लावून बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधा, तीन दिवसांत हाड जुळतं. बोटं हलत असतील तर हाड मोडलेलंच नाही. आणि जुळलेलं हाड आधीपेक्षा मजबूत होतं.

आधी तीन दिवसांचं बघू. मोडलेल्या जागी पहिल्यांदा रक्त साकळतं, सूज येते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेचा मऊ जोड धरतो. त्यात कॅल्शियम भरून कच्चं हाड व्हायला आणखी काही आठवडे जातात. मोठ्या माणसाचं मनगट साधारण सहा आठवडे घेतं, नडगी तीन-चार महिने किंवा जास्तच. सैबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. इलिझारोव्ह यांनी हाड कापून, कड्यांच्या चौकटीत धरून, दोन टोकं हळूहळू दूर नेत मधल्या फटीत नवं हाड वाढवलं. त्यातला नेहमीचा वेग दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव करून. ते पक्कं व्हायला पुढे कित्येक महिने.

मग लेपाने गुण आला असं लोक का सांगतात? लहान मुलांचं हाड पुष्कळदा ओल्या फांदीसारखं एका बाजूनेच चिरतं आणि जागचं फारसं हलत नाही. ते लेपाशिवायही जुळतं. प्लास्टरनेही हाड जुळत नाहीच. जोडतं शरीर, प्लास्टर फक्त ते सरळ धरून ठेवतं. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. मोड तिच्यातून गेला असेल आणि नीट बसवला नाही, तर हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं. एक्स-रे त्यासाठी लागतो.

सगळ्यात घातक शब्द ‘करकचून’. मोडीनंतर सूज वाढतच असते. वरून आवळलेली पट्टी सैल होत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. सहाएक तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. पुढे बोटं आत वळून ताठ होतात, कधी हात कापावा लागतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्येच या व्यंगाचं कारण घट्ट बांधण्यात शोधलं होतं. हे आजही मुलांच्या वाट्याला यावं याचा मला संताप येतो. दुखणं वाढतच गेलं, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, बोटं बधिर, पांढरी किंवा निळी पडली, तर पट्टी तिथल्या तिथे सोडा आणि थेट रुग्णालय गाठा. प्लास्टर घट्ट होत असेल तरी रुग्णालयात जायची घाई तितकीच.

बोटं हलवणारे स्नायू वर कोपराकडे असतात, त्यामुळे मनगट मोडलं तरी बोटं हलतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या हाडाची चीर तर पहिल्या एक्स-रेतही निसटते. दहा-चौदा दिवसांनी तो परत काढावा लागतो.

जुळलेलं हाड मजबूत? जोडाची गाठ सुरुवातीला जाड दिसते, पण ते कच्चं हाड असतं. पेशी ते कोरून, नव्याने घडवून पूर्ववत करतात, त्याला महिने-वर्षं लागतात. प्लास्टर निघाल्यावर लगेच कबड्डीला गेलेल्या मुलाचा तोच हात पुन्हा मोडू शकतो.

हाड जुळायला उशीर लावणारी एक गोष्ट मात्र घरातच सापडते: विडी-सिगारेट. हाड जुळेपर्यंत ती बंद ठेवा. मेसेजमध्ये हे कुठेच नाही.