सोपं करून देऊ का?

परवा रात्री पावणेबाराला एका गेमने माझी कीव केली.

एकाच राक्षसाच्या हातून सतराव्यांदा मेलो होतो. अठराव्यांदा उभा राहतोय तोच पडद्यावर एक अदबशीर चौकट आली. अवघड जातंय का, पातळी सोपी करायची का, वगैरे. खाली दोन बटणं, हो आणि नाही. गेमचं नाव सांगत नाही, कारण आमचं अजून बोलणं सुरू झालेलं नाही. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण तो सूर माझ्या ओळखीचा होता. लिफ्टच्या दारात पोरं मागे सरकून 'काका, आधी तुम्ही' म्हणतात ना, तोच.

एकट्याने भोगलं असतं तर गिळूनही टाकलं असतं. पण सोफ्यावर आत्या होती.

आत्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यामुळे ती आमच्या बाहेरच्या खोलीत मुक्कामाला आहे, आणि माझा कॉम्प्युटर ज्या टीव्हीला जोडलाय तो टीव्हीही नेमका तिथेच आहे. पाय उशीवर, चष्मा नाकावर. मालिका तिला आवडत नाहीत. त्यात महिनोन्‌महिने काही घडत नाही म्हणते. म्हणून गेला महिनाभर ती माझे गेम बघते. बघते म्हणजे काय, तपासते.

सुरुवात 'स्कायरिम'पासून झाली. 2011चा गेम. हात बांधलेले कैदी एका गाडीतून चाललेत, तिथून सुरू होतो. तेव्हापासून तो इतक्या वेळा नव्याने विकलाय की त्या गाडीचा मी एव्हाना पासच काढायला हवा होता. तर त्यातले पहारेकरी येताजाता एकच गाऱ्हाणं सांगतात: मीसुद्धा तुझ्यासारखाच मुलूखभर भटकायचो, मग गुडघ्यात बाण लागला. या वाक्याची जगभर टिंगल झाली. आत्यालाही हसू येईल म्हणून मी मुद्दाम त्या पहारेकऱ्यापुढे जाऊन उभा राहिलो.

आत्याने उशीवरचा पाय नीट केला.

"कुठल्या गुडघ्यात?"

"कुठल्या म्हणजे?"

"डाव्या की उजव्या?"

"ते नाही सांगत तो."

"मग विचार ना."

विचारता येत नाही, तशी सोयच नाही, हे तिच्या गळी उतरवण्यात पाच मिनिटं गेली. "काल त्या ड्रॅगनशी बसून गप्पा मारल्यास, आणि माणसाला गुडघा विचारता येत नाही?" यावर मी काय बोलणार? शंभरेक लोकांनी वर्षानुवर्षं खपून बनवलेला गेम, आणि त्यातली सगळ्यात साधी चौकशी कुणाला सुचली नव्हती.

"आणि गुडघा गेलेल्या माणसाला उभ्याची नोकरी? निदान एक स्टूल तरी द्यायचं."

"अगं, तो गेम आहे."

"बघ, पायऱ्या कसा उतरतोय. दुखत असणार. दाखवत नाही बिचारा."

मी बघितलं. खरं सांगतो, मलाही तो जरा लंगडताना दिसला.

पुढच्या गावातल्या पहारेकऱ्याने तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यानेही. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. "सगळ्यांना गुडघ्यातच? म्हणजे मारणारा एकच आहे. आधी त्याला शोध. ड्रॅगनचं मग बघू." आतापर्यंत मी हे जग तीनदा वाचवलंय, पण मूळ तपासच चुकीच्या दिशेने चालला होता हे मला त्या दिवशी कळलं.

तिचा दुसरा आक्षेप लिडियाबद्दल होता. लिडिया म्हणजे नायकाच्या दिमतीला मिळणारी लढवय्यी बाई. तुमची ओझी वाहण्याची शपथ घेतली आहे, असं ती ज्या स्वरात सांगते त्यावरून शपथ कुणी घ्यायला लावली असेल याची कल्पना येते. नायकाची ताकद सुरुवातीला 300 वजनाची. त्यावर एक चमचा उचलला की ड्रॅगनला लोळवणारा हा महावीर पाय ओढत चालू लागतो. मग मी उरलेलं सगळं लिडियाच्या गळ्यात घालतो: नऊ तलवारी, चार ढाली आणि एक केरसुणी.

"केरसुणी कशाला?"

"विकता येते."

"स्वतःचं घर झाडलंस का कधी?"

असल्या खेळांना रोल प्लेइंग म्हणतात. माझं प्रामाणिक मत असं, की यातला रोल हमालाचा असतो आणि उरलेला वेळ भंगारवाल्याचा. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तर तलवारी मारता मारता मोडतात. त्यात 900 बिया लपवल्यात, आणि सगळ्या शोधून काढणाऱ्याला बक्षीस म्हणून चक्क सोनेरी शेणाचा गोळा मिळतो. 2017मध्ये लोकांनी या गेमला डोक्यावर घेतलं, मीही घेतलं. गोळ्याचं कळल्यावर मात्र मी बिया शोधणं सोडून दिलं. तोवर दोनशेच्या वर झाल्या होत्या.

मग आला 2015चा 'द विचर 3'. यात पांढऱ्या केसांचा गेराल्ट आपल्या मुलीसारख्या सिरीला शोधत युद्धाने पोळलेल्या मुलखातून फिरतो. तिच्या मागावर भुतांची फौज आहे. आणि गेराल्ट? तो दिसेल त्या गुत्त्यात बसून ग्वेंट नावाचा पत्त्यांचा डाव मांडतो. म्हणजे मी मांडतो.

"पोरगी सापडली का?" आत्या रोज संध्याकाळी विचारायची.

"शोधतोय."

"पत्त्यांत शोधतोयस?"

रोच नावाच्या त्याच्या घोडीने मध्येच एका झोपडीच्या छपरावर प्रकट होऊन तिथेच मुक्काम ठोकला. बगच तो, म्हणजे गेममधली गफलत, प्रसिद्ध आहे. पण आत्याला रात्रभर झोप नव्हती. सकाळी दात घासताना तिने विचारलं, "उतरली का?"

एकदाच ती गप्प बसली. या गेममध्ये एक बॅरन आहे, दारुड्या, बायकोला मारणारा. बायको आणि मुलगी निघून गेल्यावर त्यांना शोधून आण म्हणून तो आपल्याच विनवण्या करतो. त्याची कीव करावी की त्याला झोडपावं हे गेम सांगत नाही, आणि काहीही निवडलं तरी हाताला चटका बसतोच. आत्या शेवटपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "असा एक मला माहीत होता." कोण, ते सांगितलं नाही. एवढा एक प्रसंग लिहिणाऱ्यांना मी बाकीचे सगळे पत्ते माफ केलेत.

पूर्वीचे साहसी खेळ बरे होते असं म्हणायची एक पद्धत आहे. अजिबात नव्हते. 1999च्या 'गॅब्रिएल नाइट 3'मध्ये मोटारसायकल भाड्याने घेण्यासाठी मित्राचं सोंग काढायचं असतं. त्यासाठी मिशी हवी. मिशीसाठी दाराच्या भोकाला चिकटपट्टी लावून मांजराला तिथून पळायला लावायचं, पट्टीला लागलेले केस मेपल सिरपने ओठावर चिकटवायचे. गंमत म्हणजे त्या मित्राला मुळात मिशीच नाही! म्हणून मग त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही पेनाने मिशी काढायची. हे आपणहून कुणाला सुचलं असेल तर त्या माणसापासून मी चार हात लांब राहीन. आत्याला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. "मांजराला लागलं नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

'फायनल फँटसी 7' मी तिला दाखवलेलाच नाही. 1997मध्ये त्यात नायकाची साथीदार एरिथ मेली. त्या वेळी माझ्या पोतडीत मेलेल्याला उठवणारे फिनिक्स डाउन ढिगाने पडले होते. लढाईत चालतात, कथेत चालत नाहीत! त्यानंतर मी औषधं वापरायचीच सोडली. अडीअडचणीला असावीत म्हणून साठवतो आणि शेवटच्या राक्षसालाही कोरड्या हातांनी भिडतो. परवाही पोतडीत चाळीस बाटल्या होत्या. आत्याने त्या मोजल्या होत्या.

पण खरा राग वेगळाच आहे. दिवसभराची कामं आटोपून मला रात्री जेमतेम एक तास मिळतो. त्यात पंधरा मिनिटं अपडेट उतरतं. मग सूचना येतात, त्या मुंगीएवढ्या अक्षरांत. हे गेम बनवणारे बहुधा पडद्याला नाक लावून बसत असावेत. मी चष्मा चढवेपर्यंत सूचना गायब, आणि कुठलं बटण कशाचं ते कळायच्या आत मी मेलेला. अंगठा विशीतला राहिलेला नाही, हे मला कळतं. मग अक्षरं मोठी करून देऊ का, असं एकदा तरी विचारा. वाटेल तिथे सेव्ह करू द्या. ते कुणी विचारत नाही. विचारतात काय, तर तुम्हाला जमत नाहीये, होय ना?

त्या बाबतीत 'डार्क सोल्स' सभ्य. मेलात की लाल अक्षरांत 'यू डाइड' एवढंच लिहून येतं. ना सल्ला, ना सहानुभूती. त्याचा अर्थ आत्याने विचारला, मी सांगितला. तेव्हापासून ती अक्षरं उमटली की ती मोठ्याने वाचते, "मेल्या!" भाषांतर अचूक आहे.

तर परवाची ती चौकट.

"हो म्हण," आत्या म्हणाली.

"नको."

"अरे, एवढं प्रेमाने विचारतोय तो."

अंगठा हो वर पडला. चुकून पडला असं मी घरात सांगितलंय. राक्षस तिसऱ्या वारात आडवा झाला. आत्याने टाळ्या वाजवल्या आणि सकाळी फोनवर माझ्या बहिणीला सांगितलं, "त्याला जमेना, मग गेमनेच सोपं करून दिलं. फार चांगले लोक आहेत." दुपारपर्यंत तीन भाच्यांचे निरोप आले. तिघांचाही एकच: 'मामा, सोपं करून देऊ का?'

काल रात्री सगळे झोपल्यावर मी टीव्हीचा आवाज बंद करून गेम लावला, सेटिंगमध्ये गेलो आणि पातळी पुन्हा अवघड केली. चौकट आली: नक्की ना?

अंधारातून सोफा म्हणाला, "नाही म्हण."