पुराची रेषा आणि हात वर करणारी सभा

कृष्णा नदीवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करण्याचा विषय निघाला की ‘त्याने आपला पूर वाढेल’ या भीतीपोटी कोल्हापुरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘सगळा जिल्हा एका बाजूला आहे, आणखी काय पुरावा पाहिजे?’ हे एक. ‘साधं लॉजिक आहे, पुढं पाणी अडवलं की मागं तुंबणारच’ हे दुसरं. 2019 च्या पुराचा अभ्यास करायला महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 मध्ये पुराला अलमट्टी जबाबदार नसल्याचा निष्कर्ष दिला, तरी वाद मिटला नाही. मिटायचंही कारण नव्हतं. पण तेव्हापासून पहिलं वाक्य बहुमताला सत्याच्या जागी बसवतं आणि दुसरं तर्काला मोजमापाच्या जागी.

नेदरलँड्सचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे आणि पाण्यावरची भांडणं इथेही निवडणुकीतून जातात. इथे राहून कोल्हापूरच्या चर्चेकडे बघताना मला ठामपणे वाटतं की मत हवंच, तर्कही हवाच, पण दोघांच्या आधी मोजपट्टी हवी. क्रम उलटा झाला की प्रामाणिक माणसंही चुकीच्या ठिकाणी पोचतात.

आधी तर्काचं बघू. कोल्हापुरात पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 543 मीटर येते. उंची वाढवूनही अलमट्टीचं पाणी 524 मीटरवर. जवळपास 19 मीटर खाली. म्हणून एक बाजू विचारते, खालचं पाणी वर चढेल कसं? तर्क चोख, गृहीतक कच्चं. परातीतलं पाणी सपाट राहतं, वाहत्या पुराचं नाही. पुराचा पृष्ठभाग उतरता असतो. पुढे उतार कमी झाला की तेवढाच विसर्ग पुढे जायला मागची पातळी वाढावी लागते. यालाच फुगवटा म्हणतात. दुसऱ्या बाजूचं ‘तुंबणारच’ मात्र तितकंच कच्चं आहे, कारण फुगवटा मागे येता येता विरत जातो. कुठे विरतो, हे तळाचा उतार, पात्राची रुंदी, गाळ, मधले पूल आणि बंधारे ठरवतात. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जे उत्तर येईल तेच कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीला लागू होईल असं नाही. शिरोळ आणि चिखली एकाच वाक्यात कोंबली की दोन्ही गावांवर अन्याय होतो.

मग मोजायचं काय? अलमट्टी, त्याच्या वरचा हिप्परगी बंधारा, नृसिंहवाडी, सांगलीचा आयर्विन पूल आणि राजाराम बंधारा या पाच जागांच्या एकाच तासाच्या नोंदी, पात्राचे ताजे छेद आणि राधानगरी, कोयनेतून सोडलेलं पाणी. मग पाऊस तोच ठेवायचा आणि गणितात फक्त अलमट्टीची पातळी बदलायची: 517, 519.6, 524.256. प्रत्येक गावी किती इंच फरक पडतो ते जाहीर करायचं. इथे नेहमीच्या चुका तीन. आयर्विन पुलाचे 45 फूट आणि राजाराम बंधाऱ्याचे 43 फूट यांची थेट तुलना करतात, पण दोन्ही पट्ट्यांचं शून्य वेगळं आहे. दुसरी चूक म्हणजे क्युसेक (सेकंदाला एक घनफूट, म्हणजे वेग) आणि टीएमसी (एक अब्ज घनफूट, म्हणजे साठा) यांची गल्लत: 11,574 क्युसेक चोवीस तास वाहिले तर 1 टीएमसी होतं, तेव्हा 5 लाख क्युसेक म्हणजे दिवसाला 43 टीएमसी. तिसरी, 33 चे 34 फूट व्हायला जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा 43 चे 44 व्हायला कितीतरी जास्त लागतं, कारण तोवर नदी शेतात पसरलेली असते.

आता बहुमत. कॉन्डोर्से या फ्रेंच गणितज्ञाने 1785 मध्ये दाखवलं की प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता 60 टक्के असेल तर तिघांचं बहुमत 64.8 टक्के वेळा बरोबर येतं आणि 101 जणांचं सुमारे 98 टक्के. लोकशाहीवर विश्वास ठेवायला याहून भक्कम आधार मला माहीत नाही. पण त्याच सूत्रात 60 ऐवजी 40 घाला: 101 जणांचं बहुमत बरोबर येण्याची शक्यता 2 टक्क्यांवर येते. शिवाय प्रत्येकाने स्वतंत्र विचार केलेला असला पाहिजे ही अट आहे. एकच मेसेज पाचशे जणांनी पुढे ढकलला तर ती पाचशे मतं नसतात, एकच असतं.

सगळे शहाणे असले तरी घोटाळा होतो. तिघांची समिती घ्या. प्रश्न दोन: अलमट्टीतून पाणी उशिरा सोडलं का, आणि फुगवटा कोल्हापूरपर्यंत पोचतो का? दोन्ही ‘हो’ असतील तरच अलमट्टी जबाबदार. पहिला सदस्य म्हणतो हो, हो. दुसरा: हो, नाही. तिसरा: नाही, हो. प्रत्येक प्रश्नावर वेगळं मत घेतलं तर दोन्हींवर दोन विरुद्ध एक ‘हो’, म्हणजे अलमट्टी जबाबदार. थेट निष्कर्षावर मत घेतलं तर दोन विरुद्ध एक ‘नाही’. माणसं तीच, मतं तीच, तर्कात कुणाची चूक नाही. निकाल ठरवला तो कार्यक्रमपत्रिका लिहिणाऱ्याने.

नेदरलँड्सने यातून काढलेली वाट साधी आहे. देशातल्या उंच्या एकाच शून्यापासून मोजतात, त्या शून्याला ॲम्स्टरडॅमचं नाव आहे. बांध किती टिकेल हे अभियंते मोजतात. धोका किती चालेल हे संसद ठरवते: बांधामागे राहणाऱ्या कुणाचाही पुरात मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकपेक्षा जास्त नको, हा 2017 पासूनचा निकष. खर्च कुणी उचलायचा यावर बांध-कालवे सांभाळणाऱ्या 21 प्रादेशिक जलमंडळांच्या निवडणुका होतात. तरी या देशाला आदर्श म्हणवत नाही. देशाच्या उत्तरेला ग्रोनिंगेन प्रांतात जमिनीखालच्या नैसर्गिक गॅसच्या उपशामुळे 2012 साली 3.6 तीव्रतेचा भूकंप झाला, खाण-निरीक्षकांनी उपसा लवकरात लवकर कमी करा असं सांगितलं, आणि 2013 मध्ये उपसा उलट वाढला. मोजमाप होतं, ते ऐकलं गेलं नाही. भेगा पडलेली घरं थोड्यांची होती, गॅस सगळ्यांना लागत होता. संसदेच्या चौकशीने हे कबूल करायला 2023 उजाडलं.

म्हणून कोल्हापूरने अलमट्टीवर लढू नये असं मी अजिबात म्हणत नाही. लढावं, आणि कर्नाटकाकडून तासातासाच्या नोंदी मागाव्यात. पण पूररेषा तर आपल्याच हातात आहे. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता 26 टक्के आहे, निळ्या रेषेपर्यंत 71 टक्के, आणि तीही पाऊसमान आहे तसंच राहिलं तर. रेषा कुठे आहे यावर महापालिकेच्या सभेत हात वर करता येत नाहीत. रेषेच्या आत राहणाऱ्यांचं पुनर्वसन कुठे आणि कुणाच्या पैशाने, यावर जरूर करावेत. आणि बांधकाम परवान्यावर हे दोन आकडे छापायला कुठल्याही पाणी लवादाची परवानगी लागत नाही.