बेसबॉलच्या कॅचरच्या थ्रोच्या सरावाबद्दल आम्हाला दोन तारे देणाऱ्या पालकांना उत्तर

नमस्कार. मुलगा कॅचर (होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा) असून महिनाभर गुडघ्यावर बसून दहा मीटरवरच्या जाळीत चेंडू मारतोय, सेकंड बेसपर्यंत (कॅचरपासून सर्वांत दूरचा बेस) थ्रो करू देत नाहीत, स्पीड गन (चेंडूचा वेग मोजणारं यंत्र) असून वापरत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. शेवटी ‘घरी आल्यावर कोपर दुखतं’ असंही लिहिलंय. आधी त्याबद्दल बोलतो, कारण बाकी सगळं त्यानंतर.

दुखणं दंडात किंवा खांद्याच्या मागच्या स्नायूंत असेल आणि एक-दोन दिवसांत जात असेल, तर ते सरावाचं दुखणं. पण कोपराच्या आतल्या बाजूला हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर थ्रो आजपासून बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. 13 व्या वर्षी तिथलं हाड वाढत असतं आणि प्रत्येक थ्रोचा ताण नेमका त्या वाढीच्या भागावर येतो. तो शाळेच्या टीमसाठी पिचिंगही (फलंदाजाला चेंडू टाकणं) करतो का, हे आम्हाला जरूर कळवा. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमानुसार चार किंवा त्याहून जास्त इनिंग कॅचिंग केलेल्या मुलाला त्या दिवशी पिचिंग करता येत नाही. शाळांमध्ये मात्र चांगला हात असलेला एकच मुलगा दोन्हीकडे वापरला जातो.

आता जाळीचं. नवी मुंबईतली बहुतेक मुलं आमच्याकडे सॉफ्टबॉल खेळून येतात. सॉफ्टबॉलमध्ये होम प्लेटपासून सेकंड बेस 84 फूट 10 इंचांवर असतो, बेसबॉलच्या पूर्ण मैदानावर 127 फूट 3 इंचांवर, म्हणजे दीडपट. एवढं अंतर एकदम दिलं की मुलगा मागे झुकतो, कोपर खांद्याखाली पडतं आणि चेंडू उंच तरंगत जातो. तोच थ्रो रोज केला की कोपरही दुखतं आणि सवयही मोडत नाही.

सेकंड बेसकडे पळणाऱ्याला बाद करायच्या थ्रोला अमेरिकेतल्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये, चेंडू कॅचरच्या मिटमध्ये (जाड ग्लोव्ह) पडल्यापासून बेसवरच्या फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत साधारण दोन सेकंद लागतात. त्यातले सव्वा ते दीड सेकंद चेंडू हवेत असतो, उरलेला वेळ हातापायांचा. थ्रोचा वेग ताशी 105 वरून 113 किलोमीटरवर नेला तर जेमतेम एक दशांश सेकंद वाचतो. मिटमध्ये चेंडू चाचपडणं किंवा एक जास्तीचं पाऊल यात त्याहून अधिक वेळ जातो. म्हणून गन पेटीत आहे. ती समोर दिसली की मुलं नुसत्या खांद्याने फेकायला लागतात.

उजवा गुडघा टेकवून, डावा पाय टार्गेटकडे ठेवून थ्रो केला की पायांची मदत जाते आणि हाताचा दोष उघडा पडतो. चेंडू पडला की मिट उजव्या खांद्याकडे खेचायचं आणि तिथे चेंडू बोटांत घ्यायचा. मोकळा हात पुढे नेऊन चेंडू उचलायचा नाही. तसं केलं तर वेळ जातोच, शिवाय फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू) बोटांवर बसते. मग पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी. बोटं शिवणीच्या लांबीत पडली तर उजव्या हाताचा थ्रो पहिल्या बेसकडे सरकतो. तुमच्या मुलाच्या चेंडूवर आम्ही स्केच पेनने भोवती एक लाल रेघ मारली आहे. ती रेघ हवेत सरळ दिसली तर चेंडू नीट सुटला. डगमगली तर बोटं चेंडूच्या बाजूला घसरली. दहा मीटरवर हे डोळ्यांनी दिसतं, चाळीस मीटरवर नाही. त्याची रेघ सध्या दहापैकी सहा-सात वेळा सरळ राहते.

पुढचा टप्पा पायांचा. टर्फवर चिकटवलेल्या टेपवर उजवा पाय छोटं पाऊल टाकून शरीराखाली येतो, घोट्याची आतली बाजू टार्गेटकडे, डावा खांदा सेकंड बेसकडे. आधी ताठ उभं राहून मग वळणं ही नेहमीची चूक, एकाच्या जागी दोन हालचाली होतात. उजवा पाय डाव्याच्या मागे पडला तर कंबर अडकते आणि थ्रो अंगावरून ओढावा लागतो. डावा खांदा लवकर उघडला की चेंडू उंच जातो.

पूर्ण अंतराचा थ्रो टर्फवर होऊच शकत नाही, आमचा टर्फ कर्णावरसुद्धा तेवढा लांब नाही. तो रविवारी मैदानावर होतो. त्याची रेघ दहापैकी आठ वेळा सरळ राहिली आणि कोपर दुखत नसलं की त्यालाही नेऊ. सुरुवात सॉफ्टबॉलच्याच अंतरापासून, दोन-तीन मीटर वाढवत. लक्ष्य बेसच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. तिथे एक टप्पा पडून पोचलेला सरळ चेंडू आम्हाला उंच थ्रोपेक्षा चांगला वाटतो, कारण टॅग (धावून येणाऱ्याला चेंडू लावून बाद करणं) तिथेच खाली करायचा असतो. वेळ तेव्हा स्टॉपवॉचवर घेऊ, आणि तुम्ही स्वतः घ्यायला आलात तर फार बरं.

त्याचं नवं मिट अजून कडक आहे, चेंडू तळव्यावर आपटून बाहेर उडतो. रोज रात्री मिटच्या खोलगट भागात चेंडू ठेवून ते पट्ट्याने बांधून ठेवा. तेल मात्र अगदी थोडं लावा, पावसाळी हवेत जास्त तेल पिऊन चामडं जड होतं.